शोधणाऱ्याला सापडावं म्हणून

१९९०च्या दशकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रं इंटरनेटवर येऊ लागली, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा होता. वाचकाने तो आधी आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचा, मगच बातमी वाचता यायची. पडद्यावर सुबक देवनागरी दिसे, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असत. त्या अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार दाखवायचे, एवढंच काम तो फॉन्ट करत असे. माणसाला बातमी वाचता येई, पण शोधयंत्राला त्या पानावर मराठीचा एकही शब्द दिसत नसे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्वतःची जागा होती. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. तरी वृत्तपत्रं, प्रकाशक आणि सरकारी खाती युनिकोडकडे वळायला बरीच वर्षं गेली. तोवर लिहिला गेलेला कितीतरी मजकूर शोधणाऱ्याच्या हाती कधी लागलाच नाही.

आज फॉन्टची ती अडचण राहिलेली नाही. पण मजकूर यंत्राला न दिसण्याचा प्रकार संपलेला नाही. खानावळीच्या वेबसाइटवर पदार्थांची यादी फोटोच्या रूपात असते. व्याख्यानमालेचा कार्यक्रम रंगीत पोस्टरवर असतो. क्लासचं शुल्क आणि वेळापत्रक स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असतं. मालकाला वाटतं, आपण सगळी माहिती दिली आहे. शोधणाऱ्याला ती सापडत नाही, कारण ती शब्दांत लिहिलेलीच नसते. चित्रातली अक्षरं ओळखण्याचं तंत्र पुष्कळ सुधारलं आहे, पण आपल्या व्यवसायाची मूळ माहिती त्या तंत्राच्या भरवशावर सोडू नये.

सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे एसईओ, या नावाभोवती गूढ निर्माण झालं आहे. महिन्याला पैसे घेणारे सल्लागार, आकडे भरलेले अहवाल, ‘पहिल्या पानावर आणून देतो’ अशी वचनं. या सगळ्याच्या मुळाशी असलेलं काम मात्र साधं आहे. कोणीतरी काहीतरी विचारतो आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे आहे. ते उत्तर खऱ्या शब्दांत, त्याच्या भाषेत आणि त्याच्या मोबाइलवर लगेच उघडेल असं मांडायचं. बाकीची सगळी कलमं यातूनच निघतात.

यंत्र पान कसं वाचतं

शोधयंत्राचं काम तीन टप्प्यांत चालतं. आधी त्याचा प्रोग्रॅम एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पानं गोळा करतो. मग त्या पानांवरचा मजकूर वाचून, पुस्तकाच्या शेवटी असते तशी एक अवाढव्य शब्दसूची तयार होते. कोणी प्रश्न विचारला की त्या सूचीतून पानं निवडून त्यांचा क्रम लावला जातो. हे टप्पे वेगळे ओळखता आले की दुखणं नेमकं कुठे आहे ते कळतं. पान गोळाच झालं नसेल, तर मजकूर कितीही घासूनपुसून उपयोग नाही. सूचीत असूनही वर येत नसेल, तर मजकुराकडे पाहायला हवं.

हा क्रम लावण्यासाठी गूगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना १९९८ मध्ये मांडलेली कल्पना अशी होती की, एका पानाने दुसऱ्याकडे दिलेला दुवा हे एक प्रकारचं मत समजावं, आणि ज्याला जास्त वजनदार पानांची मतं त्याचा क्रम वर लावावा. कल्पना उत्तम होती. लगेचच मतं विकत घेण्याचा बाजारही उभा राहिला.

यंत्राला फसवण्याच्या अशा प्रयत्नांचं काय झालं, याची दोन उदाहरणं प्रसिद्ध आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने बीएमडब्ल्यू कंपनीची जर्मन वेबसाइट आपल्या सूचीतून काढून टाकली, कारण ती यंत्राला शब्दांनी खच्चून भरलेलं एक पान दाखवत होती आणि माणसाला दुसऱ्याच पानावर नेत होती. फेब्रुवारी २०११ मध्ये जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीबद्दल ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी दिली. तिच्याकडे बोट दाखवणारे हजारो दुवे भलत्यासलत्या वेबसाइटांवर पेरलेले होते. त्याच सुमारास ती दुकानसाखळी शोधनिकालांत खाली घसरली. त्याच महिन्यात पोकळ मजकुराच्या विरोधात ‘पांडा’ आणि एप्रिल २०१२ मध्ये दुव्यांच्या गैरवापराविरोधात ‘पेंग्विन’ हे मोठे बदल गूगलने आपल्या पद्धतीत केले. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जी पळवाट महागात पडली, ती कोपऱ्यावरच्या दुकानदाराने धरू नये.

एक जुनी समजूतही इथेच सोडून द्यावी. पानाच्या कोडमध्ये ‘कीवर्ड्स’ नावाची एक ओळ लिहिण्याची पद्धत होती आणि अजूनही काही जण ती आग्रहाने भरून देतात. क्रम लावताना आपण ती ओळ वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे. त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

आधी नोंद तपासा

वेबसाइट असलेल्या प्रत्येकाने पहिलं काम करावं ते गूगल सर्च कन्सोल सुरू करण्याचं. ही सेवा मोफत आहे. वेबसाइट आपलीच आहे हे एकदा सिद्ध केलं की आपली कोणती पानं सूचीत आहेत, कोणती नाहीत आणि का नाहीत, हे ती सांगते. त्याहून मोलाचं म्हणजे, कोणते शब्द टाकल्यावर आपलं पान लोकांना दिसलं आणि कितींनी त्यावर बोट टेकवलं, याची सोळा महिन्यांपर्यंतची माहिती तिथे मिळते. ग्राहक आपल्याला कोणत्या शब्दांत शोधतात याचा याहून खरा पुरावा दुसरीकडे मिळणार नाही.

पानं सूचीत नसण्याची कारणं पुष्कळदा क्षुल्लक निघतात. वेबसाइट तयार होत असताना डिझायनर शोधयंत्रांना मुद्दाम बाहेर ठेवतो. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये त्यासाठी एक चौकटच आहे. काम पूर्ण झाल्यावर त्या चौकटीतली खूण काढायची राहून जाते. रोबोट्स फाइल हे तसंच दुसरं ठिकाण. यंत्रांनी कुठे जावं आणि कुठे जाऊ नये हे सांगणारी ही छोटी फाइल १९९४ पासून वापरात आहे. तिच्यातल्या एका तिरप्या रेघेने संपूर्ण वेबसाइटचं दार बंद होऊ शकतं.

नवं डिझाइन करताना तर जास्त सावध राहावं. जुन्या पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर जायची सोय केली नाही, तर वर्षानुवर्षं कमावलेले दुवे आणि वाचकांनी जपून ठेवलेल्या खुणा एका रात्रीत वाया जातात. या सोयीला तंत्रज्ञ ‘३०१ रीडायरेक्ट’ म्हणतात. नव्या वेबसाइटचा करार करताना ‘प्रत्येक जुन्या पत्त्याचं ३०१ रीडायरेक्ट करून द्यावं’ ही ओळ लिहून घ्यावी. रंगसंगतीच्या चर्चेइतकाच वेळ या ओळीला द्यावा.

एक प्रश्न, एक पान

समजा, देवगडच्या एका आंबा बागायतदाराची वेबसाइट आहे. पहिल्या पानावर कलमांचा मोठा फोटो, त्यावर ‘निसर्गाची देणगी, आमची परंपरा’. खाली ‘आमच्याविषयी’, ‘उत्पादने’, ‘संपर्क’. दिसायला ही वेबसाइट नीटनेटकी आहे. पण आंबा घेऊ पाहणारा माणूस काय विचारतो? पेटीत किती डझन असतात? पुण्याला किती दिवसांत पोचते? देवगडचा आणि रत्नागिरीचा हापूस यांत फरक काय? फळ कापल्यावर आत साका निघाला तर पैसे परत मिळतात का? आढी घरी कशी घालायची? आंबा कार्बाइडने पिकवलेला नाही हे कसं ओळखायचं? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या वेबसाइटवर नाही.

ही उत्तरं त्या बागायतदाराला तोंडपाठ असतात. हंगामात रोज फोनवर तो तीच देत असतो. त्याने ती लिहून काढावीत. साका का होतो आणि तो बाहेरून का कळत नाही, यावर एक पान. आढीत पेंढा कसा पसरायचा, फळं कधी चाळायची, यावर दुसरं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांसाठी आहे, ही माहिती तिसऱ्यावर, आपली बाग कोणत्या गावात आहे त्या उल्लेखासह. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला देशात बंदी आहे, हेही तिथे स्पष्ट सांगावं. हे लिहिताना कुठलाही शब्द मोजून पेरावा लागत नाही. मनापासून उत्तर दिलं की विचारणाऱ्याचे शब्द त्यात आपोआप येतात.

प्रत्येक पानाला स्वतःचं शीर्षक हवं. ब्राउझरच्या टॅबवर आणि बहुतेक वेळा शोधनिकालात ठळक अक्षरांत दिसतं ते हेच. सगळ्या पानांना एकच ‘मुख्यपृष्ठ’ किंवा नुसतं फर्मचं नाव असलेल्या वेबसाइटा आजही भरपूर आहेत. ‘देवगड हापूस: पेटीचे दर आणि घरपोच सेवा’ असं शीर्षक वाचणाऱ्याला आत काय आहे ते सांगतं. महत्त्वाचे शब्द आधी यावेत, कारण लांब शीर्षक मोबाइलवर मध्येच तुटतं. त्याखाली येणाऱ्या वर्णनाने क्रम सुधारत नाही, पण ते वाचूनच माणूस आत यायचं की नाही ते ठरवतो. म्हणून ती दोन वाक्यं माहितीची असावीत.

मराठीत लिहिणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या भाषेत विभक्ती लागली की शब्दाचं रूप बदलतं. ‘गणपतीपुळे’चं ‘गणपतीपुळ्याला’, ‘गणपतीपुळ्यातील’ होतं. शोधणारा बहुधा मूळ रूप टाइप करतो. तेव्हा गावाचं, पदार्थाचं, सेवेचं नाव मूळ रूपात शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात एकदा तरी यावं. मराठी माणसं रोमन लिपीतही मराठी शोधतात. त्यांच्यासाठी पानाच्या पत्त्यात आणि टपालाच्या पत्त्यात ते नाव रोमन अक्षरांत असावं. तेवढं पुरे. एकच वाक्य दोन्ही लिप्यांत लिहून पान बोजड करू नये.

मराठी अक्षरांची निगा

डोळ्यांना सारखी दिसणारी दोन अक्षरं यंत्राला सारखी असतातच असं नाही. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एक, युनिकोडमधला स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, आणि दुसरा, साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. तसंच ‘ॲप’मधल्या ॲचं. २००८ मध्ये युनिकोडने या अक्षराला स्वतःचं स्थान दिलं. त्याआधी ‘अ’वर चंद्र काढून काम भागवत, आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच करतात. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेल्या मजकुरात असे घोटाळे जागोजाग असतात. ज्यांच्याकडे जुना मजकूर मोठा आहे, त्यांनी जाणकाराकडून तो एकदा तपासून एकसारखा करून घ्यावा. वाचनालयं, मासिकं आणि प्रकाशनसंस्था यांच्यासाठी हे काम तातडीचं आहे, कारण त्यांच्या जुन्या अंकांचं आणि पुस्तकांचं सापडणं त्यावर अवलंबून आहे.

पानाची भाषा मराठी आहे, हे कोडमध्येही सांगावं लागतं. गूगल भाषा ठरवतं ती पानावर दिसणाऱ्या मजकुरावरून. म्हणून मेनू, बटणं आणि तळटीपा इंग्रजीत ठेवून फक्त मधला मजकूर मराठीत असू नये. कोडमधली भाषेची खूण उपयोगी पडते ती इतरांना. दृष्टिहीन वाचकाला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिच्यावरून उच्चार ठरवतं. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, तो तिच्यावरून हिंदी वळणाचे ल आणि श न दाखवता आपले मराठी वळणाचे दाखवतो. एका ओळीचं काम आहे. मराठी आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्या असतील, तर दोन्हींचे पत्ते वेगळे ठेवून त्या एकमेकींची भाषांतरं आहेत हे यंत्राला कळवण्याची खूणही आहे. भाषांतर मात्र माणसाच्या नजरेखालून गेलेलं असावं. यंत्राने आपोआप केलेलं, कोणीच न वाचलेलं भाषांतर आपल्याच ग्राहकाचा अपमान करतं.

पत्ता देवनागरीत ठेवावा का, हा प्रश्न नेहमी येतो. देवनागरीतलं ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून मिळतं, आणि पानाचा पत्ताही मराठीत ठेवता येतो. अडचण तो पत्ता कॉपी करताना येते. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह अनेकदा नऊ रोमन अक्षरचिन्हांत बदलतं आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला दुवा टक्क्यांच्या खुणांनी भरलेली लांबलचक माळ बनतो. लोक ती पाहून बिचकतात. म्हणून पानाचा पत्ता रोमन लिपीत छोटा आणि मजकूर संपूर्ण मराठीत, ही वाटणी सध्या सोयीची आहे.

डिझायनरला तीन गोष्टी निक्षून सांगाव्यात. देवनागरीला वर-खाली मात्रा असतात, त्यामुळे इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर तिला पुरत नाही, ते वाढवावं. अक्षरांमधलं अंतर सजावटीसाठी वाढवलं की शिरोरेषा तुटते. ते कधीही करू नये. आणि तिरपी अक्षरं टाळावीत, कारण बहुतेक देवनागरी फॉन्टांना तिरपं रूप नसतं आणि ब्राउझर सरळ अक्षरं नुसती कलती करून दाखवतो. मुंबईच्या एक टाइपने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’, तसंच ‘नोटो सान्स देवनागरी’ असे चांगले फॉन्ट मोफत आहेत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली मोठ्या असतात. म्हणून वजनाचे दोनच प्रकार घ्यावेत, साधा आणि ठळक.

मोबाइलवरचे काही क्षण

गूगलने २०१६ मध्ये जाहीर केलं की पानाचं मोबाइलवरचं रूप हेच मूळ रूप धरलं जाईल, आणि २०२३ मध्ये हा बदल जवळपास पूर्ण झाला. तरी आजही वेबसाइट मंजूर होते ती कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर पाहून. मालकाने ती घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर, वायफाय बंद करून, बाहेर उन्हात उभं राहून पाहावी. कोणतं बटण बोटाखाली येत नाही, कोणतं अक्षर दिसत नाही, हे तिथे लगेच कळतं. फिकट करड्या पार्श्वभूमीवर करडी अक्षरं कागदावर छान वाटतात, उन्हात ती नाहीशी होतात. साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतकं अंतर हवं, असा सर्वांना वापरता येतील अशा वेबसाइटांसाठीचा जागतिक निकष आहे. तो पाळला तर वयस्कर वाचकांची मोठी सोय होते.

वेगाचे तीन निकष गूगलने ठरवून दिले आहेत. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा. बोट टेकवल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद द्यावा. आणि पान उघडताना मजकूर जागचा हलू नये. ‘ऑर्डर’वर बोट नेलं आणि जाहिरात मध्ये घुसली, असं होऊ नये. पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनात आपला पत्ता टाकला की, वेबसाइटवर पुरेशी वर्दळ असेल तर, तिन्ही आकडे मिळतात.

छोट्या वेबसाइटा मंदावतात त्या मुख्यतः फोटोंमुळे. मोबाइलने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला जातो आणि पडद्यावर तळहाताएवढा दिसतो. फोटो आधी लहान करावा, वेबपी स्वरूपात साठवावा. त्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा वेबपी फाइल २५ ते ३४ टक्के लहान होते, असं गूगलच्या चाचण्या सांगतात. प्रत्येक फोटोला त्यात काय आहे ते सांगणारं एक वाक्य जोडावं: ‘गवतात मांडलेली हापूसची आढी’. ते वाक्य दृष्टिहीन वाचकाला ऐकू येतं आणि शोधयंत्रालाही कळतं. आपोआप फिरणारी चित्रपट्टी, उघडताच वाजणारं संगीत आणि पान झाकून टाकणारी चौकट, ही तिन्ही काढून टाकावीत. त्यांनी ग्राहक थांबत नाही, निघून जातो.

विश्वास कसा मिळतो

‘जवळपास’ काय मिळेल हे शोधणाऱ्याला आधी नकाशा दिसतो. तिथली नोंद, म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल, मोफत आहे. दुकानाचं नाव, पत्ता, फोन आणि वेळा तिथे आणि वेबसाइटवर अक्षरशः एकसारख्या असाव्यात. दिवाळीच्या सुट्टीच्या वेळाही भराव्यात. बंद दाराशी येऊन परत गेलेला माणूस ते विसरत नाही. परीक्षणं विकत घेऊ नयेत आणि वाईट परीक्षणालाही सभ्य, नेमकं उत्तर द्यावं.

दुवे मिळवायचे ते नात्यांतून. येवल्याचा पैठणी विणकर ज्या प्रदर्शनात भाग घेतो, त्या प्रदर्शनाच्या वेबसाइटवर त्याचा दुवा हवा. शाळा, ग्रंथालय, व्यापारी संघ, पर्यटनाची माहिती देणारी मंडळी, ज्यांच्याशी आपलं खरं काम पडतं त्यांना दुवा मागण्यात संकोच नको. असा एक दुवा विकतच्या शेकडोंहून मोलाचा आहे.

आणि पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलं आहे. चांगला सल्लागार काय करणार ते आधी सांगतो आणि त्याला किती महिने लागतील हेही सांगतो. डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोल ही तिन्ही खाती मात्र मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर असावीत. डिझायनरशी बिनसलं म्हणून स्वतःच्याच नावाच्या वेबसाइटला मुकलेले लोक कमी नाहीत. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख घरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी.

आता एका क्षणात शंभर लेख लिहून देणारी यंत्रं हाताशी आली आहेत. केवळ क्रम मिळवण्यासाठी ढिगाने तयार केलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, गूगलने मार्च २०२४ मध्ये उघडपणे गैरप्रकारांत घातला. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये मजकुराच्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शिकेत त्यांनी ‘अनुभव’ हा निकष जोडला होता. लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे का, हा तो निकष. छोट्या व्यावसायिकाला यापेक्षा अनुकूल नियम कोणता असेल? ज्याने आढी घातली आहे, माग चालवला आहे, पाहुण्यांना वर्षानुवर्षं घावणे वाढले आहेत, त्याच्याकडे असलेली माहिती कुठल्याही यंत्राच्या पोटात नाही, कारण ती अजून कोणी लिहिलेलीच नाही.

मराठीत अशी न लिहिलेली माहिती अमाप आहे. इंग्रजीत एकेका प्रश्नावर हजारो पानं आपापसांत झुंजतात. मराठीत अनेक साध्या, रोजच्या प्रश्नांना एकही चांगलं उत्तर मिळत नाही आणि माणूस नाइलाजाने इंग्रजी किंवा हिंदी पानाकडे वळतो. म्हणून वेबसाइट असलेल्या प्रत्येक मराठी माणसाला आग्रहाने सांगावंसं वाटतं: ग्राहक आपल्याला वारंवार विचारतात ते दहा प्रश्न वहीत उतरवा. आठवड्याला एका प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या शब्दांत, संपूर्ण, मराठीत लिहा आणि त्याचं स्वतंत्र पान करा. खाली आपलं नाव आणि गाव द्या, माहिती बदलली की पान सुधारा. पुढच्या दिवाळीपर्यंत ती दहा पानं आपल्या धंद्याचं काम करत असतील, आणि मराठीत विचारणाऱ्याला मराठीत उत्तर मिळालेलं असेल.